भर आषाढात कोचीला

आदली संध्याकाळ

"केरळला जायचंय? मग डिसेंबरात जा," असं घरीदारी सगळ्यांनी सांगून झालं होतं. आत्याने मात्र जुलैचा शेवटचा आठवडाच धरून ठेवला. ती रेवदंड्यात वाढलेली. आगोट लागली की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचं नाव काढायचं नाही, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. "मोठं बंदर पावसात काय करतं ते मला बघायचंय गं," एवढंच तिचं कारण. मला ते पटलं. परत आल्यावर तर मी छातीठोकपणे सांगते, कोची बघायची तर पावसातच.

पनवेलहून नेत्रावती एक्सप्रेस धरली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असलं की गाड्या सावकाश चालतात, तेवढा वेळ जास्तीचा धरून निघावं. एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या स्टेशनवर, उतरलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण थेंब नव्हता. उतरायची सोय हायकोर्ट जेट्टीपासून चालत जाण्यासारख्या एका घरगुती होमस्टेत केली होती. घरच्या बाईंना आम्ही पहिल्या तासातच चेच्ची, म्हणजे ताई, म्हणायला लागलो. आम्ही पोचलो तेव्हा त्या समई लावून मोठ्याने रामायण वाचत बसल्या होत्या. मल्याळी पंचांगातला कर्कडकम महिना चालू होता. तो साधारण जुलैच्या मध्याला लागतो आणि ऑगस्टच्या मध्याला संपतो. पूर्वी हे दिवस फार ओढगस्तीचे असायचे. शेतातलं काम थांबलेलं, समुद्र खवळलेला, कणगीतलं धान्य सरत आलेलं आणि घरात दुखणी. म्हणून या महिन्यात रोज रामायण वाचायचं आणि औषधी कांजी प्यायची, अशी रीत इथे घरोघर आहे. आत्या बॅगा तशाच ठेवून दारातल्या पायरीवर बसली आणि वाचन संपेपर्यंत उठली नाही. तिला एक शब्द कळत नव्हता, पण कथा कुठवर आली आहे हे नावांवरून बरोबर कळत होतं.

"उद्या ऑरेंज अलर्ट आहे," चेच्चींनी जेवताना सांगितलं. "पण जा. दिवसभर एकसारखा नाही पडत. थांबून थांबून येतो."

गुरुवार सकाळ: पाण्यावरून

जेट्टीवर पोचायला आणि पहिली सर यायला एकच गाठ पडली. समोरचं व्हायपिन बेट बघता बघता दिसेनासं झालं.

कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या या बोटी कोचीन शिपयार्डनेच बांधल्या आहेत. 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका बांधली तेच हे शिपयार्ड. आत्याला सगळ्यात कौतुक वाटलं ते धक्क्याचं. धक्का तरंगता आहे, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, त्यामुळे बोटीचं आणि धक्क्याचं तळ एका पातळीत राहतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उडी मारावी लागत नाही. एक चाकाची खुर्ची आमच्यासमोर सरळ आत गेली. रेवस-भाऊच्या धक्क्याच्या लाँचवर ज्यांनी आयुष्यभर हात धरून चढउतार केली आहे त्यांना याचं मोल कळेल.

शेजारी रात्रपाळी संपवून घरी निघालेली एक नर्स बसली होती. तिच्याशी गप्पा सुरू झाल्या त्या अर्थातच माशांवरून. केरळात ट्रॉलर्सना ५२ दिवस बंदी असते, ती ३१ जुलैला संपते. मधल्या काळात पारंपरिक छोट्या होड्यांना मुभा असते, पण भाव चढे. "बंदी उठली की किळिमीन येतो ढिगाने, मग आमच्याकडे रोज तेच," ती म्हणाली. किळिमीन म्हणजे आपला राणी मासा. आत्याने तिला रेवदंड्यातला बोंबलांचा हंगाम समजावून सांगितला. अर्धं हिंदी, अर्धं हातवारे. काचेबाहेर जलपर्णीचे हिरवे तराफे एकामागून एक समुद्राकडे निघाले होते. पावसाने नद्यांना पूर आला की बॅकवॉटरमधली सगळी जलपर्णी सुटून इकडे येते.

(हायकोर्ट ते फोर्ट कोची बोटीला सुट्टीच्या दिवशी मोठी रांग लागते. सकाळी लवकर जावं. राज्य जलवाहतूक विभागाच्या जुन्या बोटीही चालू आहेत, भाडं अगदी किरकोळ आणि खिडक्या उघड्या. एका बाजूने वॉटर मेट्रोने आणि दुसऱ्या बाजूने जुन्या बोटीने जावं.)

चिनी जाळ्यांपाशी

फोर्ट कोचीच्या धक्क्यावरून बाहेर पडलं की लगेच चिनी जाळी. फोटोंत ती नेहमी सूर्यास्तापुढे काळी दिसतात. पावसात त्यांचं खरं रूप दिसतं: सागवान आणि बांबूचे उंच दांडे, त्यांना सुतळीने, काथ्याने, नायलॉनने जागोजागी मारलेल्या गाठी आणि मागच्या बाजूला दोरांना टांगलेले मोठाले धोंडे. जाळं पाण्यात सोडायचं असेल तेव्हा एक माणूस मधल्या ओंडक्यावरून पुढे चालत जातो. त्याच्या वजनाने तोल ढळतो आणि जाळं खाली बसतं. थोड्या वेळाने चार-पाच जण मिळून मागचे दोर ओढतात, धोंडे एकेक करून खाली टेकतात, जाळं वर येतं. कोणी म्हणतं ही जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली, कोणी म्हणतं मकाववरून पोर्तुगीजांनी.

आम्ही बघत होतो तेव्हा जाळं वर आलं ते जलपर्णीने भरून. पाणी निथळेपर्यंत माणसांनी वाट पाहिली, मग दोघे जण जाळ्याच्या कडेला जाऊन हाताने वनस्पती उपसून बाहेर टाकू लागले. मासे निघाले मूठभर: काही बोई, थोडी कोळंबी आणि एक चांगलं हाताएवढं काळुंदर. त्यालाच इथे करिमीन म्हणतात आणि तो केरळचा राज्यमासा आहे. दोन बगळे आणि एक मांजर पावसात भिजत तिथेच बसून होती. त्यांचा वाटा त्यांना मिळाला. एक वयस्क चेट्टा, म्हणजे दादा, म्हणाले, या दिवसांत अर्धी मेहनत पाला काढण्यातच जाते, शिवाय बांबू दरवर्षी बदलावे लागतात. जाळी कमी कमी होत चालली आहेत, हे त्यांनी समोरचे मोकळे खांब दाखवून सांगितलं. ते फार मनाला लागलं. तिथे फोटो काढलेत, दोर ओढून बघितलात, तर चार पैसे जरूर द्यावेत.

तेवढ्यात भोंगा वाजला. जाळ्यांच्या अगदी पुढून, पावसाच्या पडद्यातून, कंटेनरांनी भरलेलं प्रचंड जहाज आत येत होतं, पुढेमागे टगबोटी. आत्या छत्री बाजूला करून बघत राहिली.

कोचीचं हे मुख १३४१ सालच्या पेरियार नदीच्या महापुरात मोकळं झालं, असं मानतात. त्याच पुराने मुझिरिस हे जुनं बंदर गाळाने भरलं. म्हणजे हे बंदर पावसानेच दिलं. पण मुखाशी वाळूचा मोठा बांध होता. मोठी जहाजं बाहेर उघड्या समुद्रात नांगरायची, आणि पावसाळ्यात तेही शक्य नसायचं. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज इंजिनिअर १९२० मध्ये इथे आला. त्याने तो बांध उपसायला लावला, उपसलेल्या मातीतून आत विलिंग्डन बेट उभं केलं आणि १९२८ मध्ये पहिलं मोठं जहाज आत आलं. तेव्हापासून कोची बारमाही. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती जहाजावरची नजर न काढता म्हणाली, "आणि आपल्याकडे चौलचं बंदर गाळात गेलं."

सेंट फ्रान्सिस चर्च

मोठ्या पर्जन्यवृक्षांखालून चालत गेलो. या झाडांच्या फांद्यांवर नेचे उगवलेले असतात, पावसात खोडं शेंड्यापर्यंत हिरवी होतात. सर थांबली तरी झाडाखाली मात्र ठिबकत राहतं, तेव्हा छत्री मिटू नये.

भारतातलं युरोपीयांनी बांधलेलं हे सगळ्यात जुनं चर्च. १५०३ साली लाकडी, पुढे १५१६ मध्ये दगडी. पोर्तुगीजांनी बांधलं, १६६३ नंतर डचांकडे गेलं, १७९५ ला इंग्रजांकडे. आत फार काही सजावट नाही. छताखाली जुने कापडी पंखे आडवे टांगलेले आहेत. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर काढलेले, म्हणजे ओढणारा माणूस बाहेर बसायचा. उजव्या हाताला कठड्याच्या आत वास्को द गामाची कबर. तो २४ डिसेंबर १५२४ ला इथे कोचीतच वारला, पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आता तिथे नुसती शिळा आहे.

मी पुढे निघाले होते, आत्याने थांबवलं. व्हाइसरॉय म्हणून तो १५२४ च्या सप्टेंबरात हिंदुस्थानात आला तेव्हा आधी उतरला तो चौलला. म्हणजे आमच्या दारात. आत्या ज्या रेवदंड्याच्या तटावर लहानपणी खेळली तोही पोर्तुगीजांचाच. शाळेत आम्ही सगळ्यांनी वास्को कालिकतपुरता शिकलो. त्याचा शेवटचा प्रवास चौल, गोवा, कोची असा झाला हे त्या शिळेपाशी उभं राहून ऐकताना कोकण किनारा आणि मलबार किनारा एकच वाटायला लागला.

धोबीखाना

कपडे धुणारे पावसात काय करत असतील, हे आत्याचं कुतूहल. म्हणून रिक्षा करून गेलो. फोर्ट कोचीतला हा धोबीखाना तमिळ वण्णान समाजाचा. डच काळात सैन्याचे कपडे धुवायला त्यांना इथे आणलं गेलं असं ते सांगतात. एका रांगेत धुण्याच्या दगडी मोऱ्या, मागे वाळवणाचं मैदान, बाजूला इस्त्रीचं मोठं छप्पर.

पाऊस चालू असताना सगळे छपराखाली होते. एक आजोबा कोळशाच्या जड इस्त्रीने पांढरं शुभ्र मुंडू, म्हणजे केरळी लुंगी, सरळ करत होते. तांदळाच्या खळीचा वास दरवळत होता. पाऊस जरा ओसरला, पश्चिमेला उजेड दिसला, आणि कोणी काही न बोलता सात-आठ माणसं टोपल्या उचलून मैदानात धावली. तिथे चिमटे नाहीत. दोन काथ्याचे दोर एकमेकांत पिळून ताणलेले असतात; पीळ बोटाने किंचित सैल करायचा, कापडाचं टोक आत सारायचं, दोर स्वतःच घट्ट धरतो. कितीही वारा आला तरी कापड सुटत नाही. बघता बघता सगळं मैदान हॉटेलांच्या चादरींनी भरलं. अर्ध्या तासात आभाळ पुन्हा काळवंडलं आणि तितक्याच वेगाने सगळं आत आलं. "दिवसातून पाच-सहा वेळा," आजोबा हसून म्हणाले. "ऊन नको, वारा पुरे."

कोचीत मी जे जे पाहिलं त्यात ही धावपळ पहिल्या नंबरवर.

(तिकीट नाही. लोक कामात असतात, विचारून फोटो काढावा. कपडे द्यायचे असले तर घेतात, पण पावसाळ्यात दोन दिवस लागतात.)

मट्टांचेरी: बिर्याणी आणि राजवाडा

श्रावण लागायला अवकाश होता, त्यामुळे मट्टांचेरीतल्या कायीज या खानावळीच्या बिर्याणीला आत्याची हरकत नव्हती. बासमती नाही, कैमा नावाचा बुटका, सुवासिक तांदूळ. मसाला बेताचा, सोबत खजुराचं लोणचं. लाकडी बाकांवर गोण्या उचलणारे हमाल, दुकानदार, वकील सगळे एका ओळीत. नंतर लिंबू पिळलेला काळा सुलेमानी चहा. एक वाजायच्या आत जावं, भांडं संपलं की संपलं.

राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात, पण तो १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी डागडुजी केली. बाहेरून साधा, कौलारू, मधे चौक आणि चौकात देवीचं देऊळ. आत काळी तुळतुळीत जमीन. संगमरवर वाटावी अशी, पण नारळाच्या करवंटीचा कोळसा, चुना, वनस्पतींचा रस आणि अंड्याचा पांढरा बलक यांची केलेली आहे.

राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून रामाच्या परतीपर्यंत सगळं रामायण ४८ प्रसंगांत रंगवलं आहे. गेरू, हिरवा, काजळी; डोळे मोठे, दागिने इतके दाट की दोन आकृत्यांमध्ये बोटभर जागा मोकळी नाही. मासे, पोपट, हरणं सगळ्या फटींतून डोकावतात. खिडकीतून पावसाळी मंद उजेड येत होता. आदल्या संध्याकाळी चेच्चींच्या तोंडून ऐकलेला प्रसंग आत्या भिंतीवर शोधत होती, आणि सापडल्यावर तिने रक्षकाला बोलावून खात्री करून घेतली. ते काका आनंदाने पुढच्या प्रसंगांकडे घेऊन गेले. कर्कडकात येणारे लोक असे शोधत येतात, म्हणाले.

(शुक्रवारी राजवाडा बंद. चित्रांचे फोटो काढू देत नाहीत. वाकून बघायला लागतं, दमणाऱ्या माणसाने आधी बसून घ्यावं.)

सिनेगॉग

ज्यू टाउनच्या गल्लीत आता पुराणवस्तू आणि शालींची दुकानं फार आहेत. तिथे वेळ घालवू नये. गल्लीच्या आतल्या वखारींत मात्र अजून सुंठ, मिरी, जायपत्री आहे, आणि दमट हवेत तो वास कपड्यांना धरून बसतो.

'परदेशी सिनेगॉग' हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ १५६८ सालचं. चपला बाहेर काढायच्या आणि निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांवर अनवाणी उभं राहायचं. अठराव्या शतकात आणलेल्या या फरशा हाताने रंगवलेल्या आहेत. पावसाने त्या गार पडल्या होत्या. वर बेल्जियमची काचेची झुंबरं, मधे पितळी कठड्याचं व्यासपीठ. १९६८ मध्ये ४०० वर्षं झाली तेव्हा इंदिरा गांधी इथे आल्या होत्या. आता या गल्लीतले जवळजवळ सगळे ज्यू इस्रायलला गेले आहेत. प्रार्थनेला माणसं पुरत नाहीत.

आत्या इथे बराच वेळ बसली. रेवदंड्यातही सिनेगॉग आहे. तिच्या वर्गात शनवार तेल्यांची, म्हणजे बेने इस्रायलांची मुलगी होती, तेही घर पुढे इस्रायलला गेलं. शनिवार पाळणारे, घाण्यावर तेल गाळणारे, घरात मराठी बोलणारे हे लोक. त्यांच्या आठवणीत हिब्रू प्रार्थना थोड्याच उरल्या होत्या, तेव्हा त्यांना शिकवायला शिक्षक आले ते कोचीच्या ज्यूंमधून. मुंबईत १७९६ साली बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं त्यामागे ही शिकवण आहे. दाराशी तिकीट देणाऱ्या माणसाला आत्याने हे सांगितलं, तर त्याने आतल्या दुसऱ्याला बोलावलं, आणि दोघांनी रेवदंडा कुठे आलं ते नकाशावर बघून घेतलं.

(शुक्रवार-शनिवार आणि ज्यू सणांना प्रवेशाचं विचारून जावं. दुपारी मधे बंद असतं, तीननंतर उघडतं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.)

संध्याकाळ: चेरलाई

इथे फार कमी पर्यटक येतात, आणि मराठी माणसाने तर चुकवूच नये. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच सुरू झाल्यावर सोळाव्या शतकात जी सारस्वत घरं दक्षिणेला निघाली त्यांतली बरीच कोचीच्या राजाच्या आश्रयाला आली. तिरुमल देवस्वमचं मोठं देऊळ त्यांचंच. आजूबाजूच्या गल्ल्यांतून कोंकणी कानावर पडते. कोसळत्या पावसात आम्ही एका पापडाच्या दुकानात शिरलो. पावसात पापड होत नाहीत, उन्हाळ्यातला साठा विकायला होता. दुकानातल्या मावशींना आत्याचं मराठी कळलं आणि आत्याला त्यांची कोंकणी. दोघी टाकळ्याच्या भाजीवर आणि पत्रडोवर, म्हणजे आपल्या अळूवडीवर, अर्धा तास बोलल्या. फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेल्या इडल्या, खोट्टे, त्यांनीच घरून आणून वाढल्या. पानाचा वास पिठात उतरतो.

याच वस्तीतल्या माणसांमुळे कोचीचं एक मोठं काम झालं. डच कमांडर व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड निघाले. झाडांची माहिती दिली इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांनी. या तिघांचं नागरी लिपीतलं, कोंकणी भाषेतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलं आहे. त्यावर साल आहे १६७५, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या पुढचं वर्ष. युरोपात इतक्या लवकर नागरी अक्षरं छापली गेली ती एका औषधी झाडांच्या पुस्तकात, कोचीतल्या वैद्यांच्या हातची. आम्हाला हे शाळेत शिकवायला हवं होतं.

देवळात आरतीला थांबलो. पन्हळीतून पाण्याच्या धारा चौकात पडत होत्या आणि बायका त्याखाली पाय धुऊन आत जात होत्या.

शुक्रवार

राजवाडा, सिनेगॉग बंद, म्हणून शुक्रवार खरेदीला ठेवला होता. सकाळी चेच्चींनी कर्कडकाची कांजी केली: नवरा नावाचा लाल तांदूळ, मेथी, जिरं, सुक्या औषधी पाल्याचा काढा आणि शेवटी नारळाचं दूध. चव कडवट-तुरट, पण घोटाघोटाने आवडत जाते आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. आयुर्वेदिक दुकानांत या महिन्यात तिचे तयार डबे मिळतात. त्यावरची कृती बहुतेक वेळा मल्याळममध्येच असते, तेव्हा तांदूळ किती, औषध किती, किती दिवस घ्यायची हे दुकानदाराकडून इंग्रजीत लिहून घ्यावं. मधुमेह असेल तर गूळ घातलेला प्रकार सोडून साधा मागावा.